जानेवारीतला लगनाक्विला: उद्याचं हवामान नंतर, आधी मागचे पाच दिवस

आयर्लंडमधल्या लगनाक्विला डोंगराची उंची ९२५ मीटर. सिंहगडाचा माथा १३१२ मीटरवर, कळसूबाई १६४६. त्यामुळे डब्लिनला नव्याने आलेल्या सह्याद्रीतल्या भटक्यासमोर लगनाक्विलाचं नाव काढलं की तो आधी हसतो. उन्हाळ्यात ते हसणं खपून जातं. हिवाळ्यात मात्र हा डोंगर वेगळा असतो, आणि आपल्याकडची सवय इथे उलटी पडते. सह्याद्रीत पावसाळा जपून काढायचा आणि थंडीत मोकळं फिरायचं. इथे थंडीतच जपायचं.

लगनाक्विला विक्लो काउंटीतला (काउंटी म्हणजे जिल्हा) सर्वांत उंच डोंगर, आणि केरी काउंटी सोडली तर अख्ख्या आयर्लंडमधला. इथले लोक त्याला नुसतं ‘लग’ म्हणतात. वरच्या निम्म्या भागात झाड नाही, आडोसा नाही, पायाखाली गवत आणि पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची दलदल, आणि अटलांटिकवरून येणारा वारा थेट अंगावर. माथा म्हणजे सुळका नव्हे, चांगलं ऐसपैस गवताळ पठार आहे. त्याला ‘पर्सीज टेबल’ म्हणतात. या पठाराच्या दोन बाजूंना कडे तुटलेत, नॉर्थ प्रिझन आणि साउथ प्रिझन. स्वच्छ हवेत ते दुरून दिसतात. धुक्यात दिसत नाहीत, आणि वर बर्फ पडलेला असेल तर कड्याच्या ओठावर वाऱ्याने साचलेल्या बर्फाचं छज्जं तयार होतं. आपण जमिनीवर उभे आहोत की हवेत, हे तिथे कळायला मार्ग नसतो.

आम्ही तिघे संक्रांतीच्या आठवड्यात शनिवारी गेलो. वाट ग्लेनमलूर दरीतून, बॅराव्होरच्या पार्किंगपासून. चढाई साडेसातशे मीटरच्या आसपास. वर जाताना फ्रॉहन रॉक ग्लेन ही उपदरी, उतरताना आर्ट्‌स लॉख या तळ्याच्या बाजूने, असा मूळ बेत होता. तो घरी बसूनच बदलला. का बदलला, तेच सांगण्यासारखं आहे.

बहुतेक जण शुक्रवारी रात्री शनिवारचा अंदाज बघतात. सूर्याचं चित्र दिसलं की निघतात. पण अंदाज हवेबद्दल सांगतो, पायाखालच्या जमिनीबद्दल नाही. जमीन कशी असेल हे मागच्या पाच दिवसांनी ठरवलेलं असतं. आयर्लंडमध्ये हिम पडून आठवडाभर टिकणं डोंगरातही नेहमीचं नाही. पाऊस, मग एक रात्र गोठण, मग दुपारी वितळण, मग पुन्हा गोठण, हेच जास्त चालतं. दोन दिवस धो धो पाऊस आणि मग एक निरभ्र रात्र, हा सगळ्यात वाईट योग. कातळावरून झिरपणारं पाणी जागच्या जागी गोठतं आणि पारदर्शक थर होतो, जो ओल्या दगडापासून वेगळा ओळखू येत नाही. दलदलीवर मात्र दुधावरच्या सायीसारखी पातळ खपली धरते. पाय ठेवला की खाली गुडघाभर गार पाणी. उलट पाच-सहा दिवस कोरडी कडक थंडी पडली तर तीच दलदल टणक होते आणि लगवर वर्षभरात कधी नसते इतकी चाल सोपी होते. माझ्या मते हिवाळ्यात लगला जायचे खरे दिवस हेच, भले थर्मामीटरचा आकडा जास्त भीतीदायक दिसो.

त्यामुळे मी सोमवारपासून मेट एरन, म्हणजे आयर्लंडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशीच्या नोंदी बघत होतो: किती पाऊस, रात्रीचं किमान तापमान किती. बुधवारपर्यंत पाऊस होता. गुरुवारी आकाश मोकळं झालं आणि दरीत तापमान शून्याखाली गेलं. शुक्रवारी दुपारी वर चढलं, रात्री परत खाली. म्हणजे वर सांगितलेला वाईट योग जवळजवळ पुरा. आर्ट्‌स लॉखकडचा उतार तीव्र आणि उत्तरेकडे तोंड करून आहे. जानेवारीत त्याला ऊन जवळपास लागत नाही. गुरुवारी तिथे जे गोठलं ते शनिवारीही तसंच असणार. गोठलेल्या गवतावर घसरलं तर थांबायला काही नसतं. म्हणून उतरायला क्लोहरना या शिखराच्या धारेवरून झिगझॅगची वाट घ्यायची ठरवलं. ही वळणं घेत जाणारी पायवाट कॅरावेस्टिक धबधब्याशेजारून दरीतल्या रस्त्यावर उतरते. तिथून गाडीपर्यंत डांबरी रस्त्याने चालावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण गुडघे शाबूत राहतात.

अंदाज बघताना तीन गोष्टी बघा: माथ्याच्या उंचीवरचा वारा, शून्य अंशाची पातळी (ज्या उंचीवर तापमान शून्य होतं ती) आणि ढगाचा तळ. गावाचा अंदाज डोंगरावर चालत नाही. दर शंभर मीटरला साधारण पाऊण अंश तापमान उतरतं, म्हणजे दरीत सहा अंश असेल तर माथ्यावर शून्याच्या आसपास. त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा धरला तर अंगाला ते उणे आठ लागतं. ‘माउंटन फोरकास्ट’सारख्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या उंचीचे अंदाज आणि शून्याची पातळी मिळते. पण एकाच ठिकाणावर विसंबू नये. दोन अंदाज जुळत नसतील तर वाईट असेल तो खरा धरा. मेट एरनचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे काउंटीप्रमाणे असतात. पिवळा इशारा शहरात फारसा कुणी मनावर घेत नाही. डोंगरासाठी वाऱ्याचा पिवळा इशारा म्हणजे बेत रद्द. आणि हेही लक्षात असू द्या की स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात हिमस्खलनाचे रोजचे अहवाल निघतात, तसं आयर्लंडमध्ये कोणी काढत नाही. प्रिझनच्या कड्याखालच्या घळींत बर्फ साचलाय की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवायचं असतं.

फोटोंबद्दल एक शब्द. लोक माथ्यावरचे सुंदर फोटो टाकतात, खाली ‘वाट मस्त आहे’ लिहितात. फोटो कधीचा आहे ते विचारा. रविवारचा फोटो गुरुवारी निरुपयोगी असतो. त्यापेक्षा सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट बघायला मिळतात. ढग नसतील त्या दिवशी बर्फाची रेषा कुठल्या उंचीवर आहे ते स्पष्ट दिसतं. आयर्लंडवर ढग नसणं ही लॉटरी, पण लागली तर दहा जणांच्या सांगण्यापेक्षा भरवशाची.

रस्त्याची चौकशी वेगळी करावी लागते. डब्लिनहून ग्लेनमलूरला जाताना नकाशा अनेकदा लारा गावावरून मिलिटरी रोडने पाठवतो. हा रस्ता १७९८ च्या उठावानंतर डोंगरात लपलेल्या बंडखोरांमागे सैन्य नेता यावं म्हणून इंग्रजांनी बांधला, आणि तो मुद्दाम उंचावरून जातो. लारा आणि ग्लेनमलूरच्या मधली खिंड सावलीत असते आणि तिथे बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ पडेलच असं नाही. आम्ही रॅथड्रमवरून गेलो. थोडं लांब पडतं, पण रस्ता खालून जातो. सॅली गॅप आणि विक्लो गॅप या खिंडी बर्फात बंदही होतात, तेव्हा निघण्याआधी काउंटी कौन्सिलच्या सूचना बघा.

सकाळी उजाडायच्या आत बॅराव्होरला पोचलो. जानेवारीच्या मध्याला सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारनंतर लगेच मावळतो, म्हणजे हातात आठच तास. पार्किंग पहाटेच्या वेळी मोकळं असतं, दहाला गेलात तर रस्त्याकडेला गाडी लावावी लागेल. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, विक्लोच्या पार्किंगमध्ये काचा फोडण्याचे प्रकार होतात. पार्किंगजवळ ॲव्हनबेग नदी आहे. पायी जायला पूल आहे, त्यामुळे पाण्याची काळजी नाही. जिथे ओढा उतरून जावं लागतं अशा वाटांसाठी मात्र ओपीडब्ल्यू, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याचं नद्यांच्या पातळीचं संकेतस्थळ बघण्याची सवय ठेवा, विशेषतः बर्फ वितळत असताना.

पूल ओलांडून, जुन्या हॉस्टेलला मागे टाकून, डावीकडे फ्रॉहन रॉक ग्लेनचा गाडीरस्ता धरला. सुरुवातीला सूचिपर्णी झाडांची लागवड आहे. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळाने आयर्लंडभर अशी जंगलं आडवी केली. गॉलवे काउंटीतल्या मेस हेडला तेव्हा ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. तेव्हापासून मी वादळानंतर कोल्टे या वनमहामंडळाच्या सूचना वाचल्याशिवाय जंगलातल्या वाटेला जात नाही. पडलेलं झाड ओलांडता येतं, अर्धवट पडून दुसऱ्यावर रेललेलं मात्र कधी खाली येईल सांगता येत नाही.

गाडीरस्ता संपतो तिथून या उपदरीतल्या धबधब्याशेजारची चढण. अंदाज होता तसंच निघालं, कातळावर पाणी गोठलेलं. इथे मायक्रोस्पाइक्स घातले, म्हणजे बुटावर चढवायची साखळी आणि टोकं. काही लोक माथ्यावर बर्फ दिसला की मग घालू म्हणतात. खरं तर ते खालीच, ओल्या-गोठलेल्या दगडावर जास्त लागतात. क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब पोलादी दाते) आणि आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) ही वेगळी गोष्ट. त्यांना कडक तळव्याचे बूट आणि शिकवणी दोन्ही लागतं, आणि ज्या दिवशी त्यांची गरज आहे असं वाटतं त्या दिवशी शिकल्याशिवाय जाऊ नये. माउंटेनियरिंग आयर्लंड ही गिर्यारोहकांची संस्था हिवाळी कौशल्यांबद्दल माहिती देते, तिथून सुरुवात करता येईल.

वरच्या दरीत दलदलीची खपली. आमच्यातला एक जण पुण्यात सह्याद्री कोळून प्यायलेला, तो सरळ निघाला. मी म्हटलं, ‘अरे, गवताच्या झुपक्यांवरून ये.’ ‘गोठलंय की सगळं,’ असं म्हणेपर्यंत त्याचा डावा पाय पिंडरीपर्यंत आत. जादा मोजे पिशवीत होते, ते बदलले आणि पुढे निघालो. हिवाळ्यात मोज्यांचा दुसरा जोड जेवणाच्या डब्याइतका आवश्यक आहे. बूट आणि पोटरी झाकणारे गेटर्स घातले तर उत्तम.

पठाराच्या काठाशी धुकं भेटलं. इथे मोबाइलवर विसंबून चालू नये. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि हातमोजे काढून स्क्रीन चालवताना बोटं दोन मिनिटांत बधिर होतात. आम्ही घरूनच कागदावर दिशा आणि अंतर लिहून आणलं होतं, काठापासून माथा किती पावलांवर, परतीची दिशा कोणती. होकायंत्र एकाच्या हातात, पावलं दुसरा मोजतोय, तिसरा मागून रांग सरळ आहे का बघतोय. दगडांच्या मोठ्या राशीवरचा खांब धुक्यातून एकदम समोर आला. तिळाच्या वड्या नेल्या होत्या, त्या थंडीने इतक्या कडक झाल्या होत्या की दाढेची परीक्षा. पण तीळ-गुळाइतकं या हवेत कामाला येणारं दुसरं खाणं मला माहीत नाही. दहा मिनिटांच्या वर थांबलो नाही. थांबलं की घाम गार होतो आणि मग जाकीट घातलं तरी ऊब येत नाही.

याच डोंगरांत १५९२ च्या जानेवारीत डब्लिन किल्ल्याच्या कैदेतून निसटलेले आर्ट ओ’नील आणि रेड ह्यू ओ’डॉनेल ग्लेनमलूरच्या दिशेने पळत होते. आर्ट गारठून मेला. ह्यू वाचला, पण पायाचे दोन्ही अंगठे हिमदंशाने गेले. त्यांच्याजवळ ना धड कपडे होते ना अन्न. आजही दरवर्षी जानेवारीत रात्री डब्लिनहून ग्लेनमलूरपर्यंत त्यांच्या वाटेने जाण्याचा उपक्रम होतो, त्यात तरबेज लोकच उतरतात.

क्लोहरनाकडे उतरताना धुकं विरळ झालं आणि डावीकडे आर्ट्‌स लॉखवरचा उतार दिसला, पूर्ण पांढरा आणि चकाकणारा. झिगझॅगवर सावलीच्या वळणांत थोडा बर्फ होता, बाकी वाट मोकळी.

ग्लेन ऑफ इमालच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून जाणार असाल तर आणखी एक चौकशी: तिथे आयरिश सैन्याचा तोफांच्या सरावाचा पट्टा आहे. गोळीबाराचं वेळापत्रक आधी बघा, लाल झेंडे असतील तर जाऊ नका, आणि ठरवून दिलेली वाट सोडू नका. जमिनीवर पडलेली लोखंडी वस्तू उचलणं तर नकोच.

लग झेपणार नाही असं वाटणाऱ्यांचा मोर्चा सहसा ग्लेंडालॉख दरीवरच्या स्पिंक या धारेकडे वळतो. तिथे सहाशेहून अधिक लाकडी पायऱ्या आणि फळ्यांची वाट आहे. दंव पडलं की या फळ्यांवरून उतरणं धोक्याचं, म्हणून पायऱ्या चढून जा आणि खाणकामगारांच्या जुन्या वस्तीकडून परत या. जीन्स आणि कॅनव्हासच्या बुटांत तिथे जानेवारीत माणसं दिसतात. त्यांच्यात आपली मंडळीही असतात, हे लिहायला बरं वाटत नाही.

ग्लेनमलूर दरीत मोबाइलची रेंज जवळजवळ नसते, धारेवर मिळते. म्हणून घरी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून जा, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर पुढे काय करायचं तेही. मदत लागली तर ११२ किंवा ९९९ वर फोन करून ‘माउंटन रेस्क्यू’ मागायचा. विक्लोत दोन पथकं आहेत, दोन्हींतली माणसं स्वयंसेवक, पैसे घेत नाहीत. ११२ ला एसएमएस पाठवायची सोयही आहे, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो. बोलण्याइतकी रेंज नसताना मेसेज कधी कधी निघून जातो, तेव्हा ही नोंदणी आज घरी बसल्या बसल्याच करून टाका.