गुलाबावरचे काळे ठिपके आणि भुरी: माझा अनुभव

गुलाबाचं पान पिवळं पडलं की बहुतेक जण आधी खत घालतात. माझ्या धाकट्या दिरांनी मला आधी पान हातात घेऊन बघायला शिकवलं. ते तासगावकडे द्राक्षबाग करतात, त्यामुळे बुरशीशी त्यांचं वर्षानुवर्षांचं वैर. सांगलीतल्या आमच्या परसातले गुलाब श्रावणात खालून पिवळे पडायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, ठिपक्याची कड बघा."

कड सरळ नव्हती, झालरीसारखी फाटलेली होती. पानाच्या वरच्या बाजूला काळा ठिपका, भोवती पिवळेपणा, आणि गळ खालच्या पानांपासून वर चढत जाणारी. हाच काळ्या ठिपक्यांचा रोग. पान सहा-सात तास सलग ओलं राहिलं की ही बुरशी आत शिरते आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पुढच्या पानावर उडते. आमची झाडं कंपाउंडच्या भिंतीला लागून होती. रात्री भिजलेली पानं तिथं दुपारपर्यंत सुकत नव्हती.

म्हणून औषधाच्या आधी झाड मोकळं केलं. जमिनीलगतची पानं काढली. पडलेला पाचोळा रोज वेचून घराबाहेर टाकला, कंपोस्टमध्ये नाही, कारण बुरशी त्याच पानांवर टिकून राहते. पाणी सकाळी, फक्त बुंध्याशी. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला दोन ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना बसेल असं. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. डाग पडलेलं पान यानं बरं होत नाही, ते गळणारच. नवं पान वाचतं, आणि तेवढ्यासाठीच ही फवारणी. जोराचा पाऊस झाला की औषध धुऊन जातं, मग पुन्हा फवारावं लागतं.

ऑक्टोबरात छाटणी केली. जांभळट डाग पडलेल्या काड्या निरोगी भागापर्यंत कापल्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवा फुटवा येतो त्या जागेच्या) जरा वर काप घेतला, म्हणजे झाडाचा मधला भाग उघडा राहतो. कापांना बोर्डो पेस्ट लावली: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून मग एकत्र केले. त्यात लोखंडी सुरी बुडवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. द्राक्षवाल्यांची ही परीक्षा मला फार आवडते.

थंडीत मात्र कोवळी पानं वाकडी होऊन त्यांवर पांढरी पूड दिसली. ही भुरी. "दावण्याला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही," दीर म्हणाले. दावण्या म्हणजे द्राक्षावरचा दुसरा बुरशीरोग. कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री तिला पुरतात, म्हणून पावसाळ्याचं औषध डोळे झाकून इथं वापरायचं नाही. द्राक्षाची भुरी गुलाबावर येत नाही, दोन्हींची बुरशी वेगळी. पण गंधक दोन्हीकडे चालतं. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम घेऊन ऊन चढायच्या आत फवारलं. मार्चनंतर आमच्याकडचं ऊन तापतं, तेव्हा गंधक फवारलं तर पानं करपतात, म्हणून हे काम थंडीतच उरकलं. पूड धरलेले शेंडे आधीच खुडून टाकले होते.

भिंतीलगतची दोन झाडं त्याच थंडीत मातीच्या गोळ्यासकट काढून अंगणात उन्हाकडे लावली. गावठी गुलाब जागेवरच ठेवला; त्याच्यावर डाग येतात, पण तो पानं टाकत नाही.