म्हातारी मीच काढायला लावली होती

आमची नाट्यलेखन कार्यशाळा अंबाजोगाईत भरते. सात दिवस मुक्कामी. पहिला खर्डा घेऊनच यायचं. तिसऱ्या दिवसापासून नटमंडळी एकेक संहिता बसून वाचतात, लेखकानं मधे न बोलता ऐकायचं, मग चर्चा. पुढच्या तीन महिन्यांत घरी दुसरा खर्डा. नवी तुकडी यायच्या आधी जुन्या शिबिरार्थींना फोन लावून कोण काय लिहितंय याची वहीत नोंद करायची, हे माझ्याकडचं काम. त्यासाठी मी भाऊबीजेनंतरचा रविवार राखून ठेवतो. सणाला आलेली मुलं तेव्हा अजून गावीच असतात, निवांत बोलतात.

यंदा सकाळ चांगली गेली. हिंगोलीकडची एक मुंबईत रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. रात्री अकराला सीन हातात पडतो, सकाळी सातला सेटवर पोचवायचा. आवाज दमलेला होता. "पण सर, पैसे वेळेवर येतात," हे तिनं दोनदा सांगितलं. जिंतूरचा शिक्षक शाळेतल्या पोरांसाठी बालनाट्यं बसवतो. एकाची श्रुतिका आकाशवाणी परभणीवरून गेली. एक छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकतोय. मानवतचा एक जिनिंगमध्ये हिशेब बघतो, लिहिणं सुटलं म्हणाला. तीही नोंद मी केली.

धारूर तालुक्यातल्या एकाचा फोन मात्र लागेना. पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीतला हा सगळ्यात ताकदीचा मुलगा. आईवडील ऊसतोडीला जायचे. त्याचं नाटकही त्यावरच होतं: कारखान्याच्या तळावरच्या कोप्या म्हणजे झोपड्या, टोळी नेणारा मुकादम, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली, फिटता न फिटणारी उचल. आणि त्यात मधेमधे गावाकडची आजी यायची. दसऱ्यानंतर रिकाम्या झालेल्या वाडीत नातवंडं सांभाळत बसलेली. मी त्याला सांगितलं होतं, नाटक तळावर घडतंय, ही म्हातारी गावात. हौशी संघाला दोन जागा उभ्या करणं जमत नाही, शिवाय तिच्यामुळे कथानक पुढे सरकत नाही. काढून टाक. त्यानं मान डोलावली आणि काढली. पुढे त्याच्या मित्रांनी ते नाटक एका स्पर्धेत केलं. मी बघायला गेलो होतो. सगळं जागच्या जागी होतं आणि काहीच लागत नव्हतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

चारच्या सुमारास दारात मोटारसायकल थांबली. तोच. मिस्ड कॉल बघून निघाला होता. "फोनवर सांगण्यासारखं न्हाई सर, वाचूनच दावतो," म्हणत त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून संहिता काढली.

नवं नाटक दोन अंकी. तळ नाही, उसाचा फड नाही, मुकादम फक्त एकदा येतो. आहे ते वाडीतलं घर, आजी, नात, धाकटा नातू आणि दाराजवळच्या खुंटीला टांगलेला मोबाइल. रेंज तेवढ्याच जागी येते. आईबाप रंगमंचावर येतच नाहीत, त्या खुंटीवरून बोलतात. पहिल्या अंकात एका रात्री आई बोलता बोलता झोपते. पहाटे तीनला उठून गाडी भरलेली बाई. पोरगं "आई, आई" करतं, पलीकडून नुसता श्वास. ते फोन ठेवायला जातं तर आजी म्हणते, "ठिवू नको रं. ऐकत बस जरा."

इथं तो थांबला नाही, वाचत गेला. मला मात्र पुढची दोन पानं ऐकू आली नाहीत.

दुसऱ्या अंकात नातीचं लग्न. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला उचल कमी, जोडप्याला पुरी, म्हणून पोरांची लग्नं लवकर लावतात. आणि वयात आलेली पोर म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर सहा महिने ठेवायची, या भीतीनंही लावतात. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दोन भीतींच्या मधे आजीला उभं राहायचंय. आणि हीच म्हातारी मला फालतू वाटली होती.

मी कपाटातून त्याचा जुना पहिला खर्डा काढला. आम्ही ते जपून ठेवतो. आजीच्या प्रत्येक प्रवेशावर माझ्या पेन्सिलीची तिरकी रेघ होती. मी त्याला म्हणालो, हे माझं चुकलं. हौशी संघाची अडचण मी नाटकाची अडचण म्हणून तुझ्या गळ्यात मारली. तळ काढ असंही म्हणता आलं असतं, ते सुचलंच नाही, कारण ऊसतोडीचं नाटक म्हणजे तळ हे मी आधीच धरून बसलो होतो.

तो बराच वेळ रेघा बघत होता. मग म्हणाला, "सर, म्हातारी काढली तवा मलाबी हलकं वाटलं हुतं. तिच्यासंगं मीच ऱ्हायलो ना लहानपणी. लिहायला जड जायचं."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चहा झाला. त्यानं मग खरी बातमी सांगितली. लातूरचा एक हौशी संघ हे नाटक यंदा राज्य नाट्य स्पर्धेत करतोय. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही आलंय. आजी करणाऱ्या बाईंनी पाठांतर सुरू केलंय. हा सहावा खर्डा. वहीत लिहिताना मी 'सहावा' खाली रेघ ओढली. नव्या तुकडीला तो आकडा दाखवायचाय.

निघताना हेल्मेट हातात धरून त्यानं विचारलं, "दुसऱ्या अंकात म्हातारीचं बोलणं लांबलंय का? तीन पानं हाईत."

पाच वर्षांपूर्वी मी जागच्या जागी सांगितलं असतं. या वेळी विचारलं, तालीम कधी आहे? शनिवारी, संध्याकाळी सहाला. बाईंच्या तोंडून ऐकतो, मग बोलू, म्हणालो. शनिवारचं दुपारच्या लातूर एसटीचं मी ठरवून टाकलंय.