वस्तादांचा तळहात

आमच्या तालमीचा वर्षाचा मेळावा शिवजयंतीला असतो. शस्त्रपूजन, हारतुरे, पाहुण्यांची भाषणं हे सगळं तासाभरात उरकतं. एकदा हलगी कडाडली, घुमकं बोलायला लागलं की पाहुणे कोण आले होते तेही कुणाच्या ध्यानात राहत नाही.

नवी पोरं लाठीपासून सुरू करतात. मग फरी-गदका (ढाल आणि काठी), मनगटाला दोरी गुंडाळून फेकायचा भाला म्हणजे विटा आणि शेवटी दांडपट्टा. कडेला लाकडी खुर्चीत वस्ताद. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले. हातात कागद नाही, गुण नाहीत. नजर पोरांच्या हाताकडं नसतेच, पायाकडं असते. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी कवचात, हात कोपरापर्यंत अडकला की मनगट वळत नाही, सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि कंबर पायावर उभी. "हात कुणाचाबी फिरतोय, पाय बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बोलायला उठले की तीन-चार मिनिटं, त्याहून जास्त नाही. गोष्ट दरवर्षी तीच. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, सय्यद बंडाचा उगारलेला हात आणि जिवा महालानं तो वरच्यावर उडवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' एवढ्यावर सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात असतात. वस्ताद हात वर करून थांबवतात. "त्यो वार एकदाच केला. त्याच्या आधी किती केलं असतील, कुणी बघितलं नसताना?" एवढं बोलून खाली बसतात. तीस वर्षं ऐकतोय, तरी दर वेळी घसा दाटतो.

मग लिंबू. ज्याच्यावर त्यांचा भरवसा, त्याच्यासाठी ते स्वतःचा तळहात पुढं करतात. त्यावर लिंबू, वरून पट्टा. बाकीच्यांनी जमिनीवरची लिंबं कापायची. तळहात मिळाला की पोरगं पास, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. मला मिळाला नव्हता. असो.

यंदा त्यांनी तळहात पुढं केला तो नववीतल्या एका पोरीसाठी. पोरगी पवित्र्यात उभी राहिली, पट्टा उचलला आणि खाली घेतला.

"वस्ताद, हात हलतोय तुमचा. खाली ठेवा लिंबू."

हलगी थांबली. वस्तादांना असं बोलायची आमच्यातल्या एकाचीही छाती नव्हती. त्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा स्वतःच्या हाताकडं बघितलं. वाकता येईना म्हणून लिंबू तिच्याच हातात दिलं. तिनं ते मातीत ठेवलं आणि एका वारात दोन फोडी केल्या. "ही शिकवंल आता," वस्ताद म्हणाले. दुसरं काही नाही.

हे बघायला जुने विद्यार्थी किती होते? अकरा. २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा फेटे बांधून फोटोला उभं राहायला जागा पुरली नव्हती. यंदा त्यातले बहुतेक जण 'कामात'. ग्रुपवर अंगठे मात्र भरपूर.

जे राबले त्यांची आठवण काढायलाच हवी. आदल्या रात्री मैदानावर पाणी मारणारी दोघं भावंडं, हलगी-घुमक्याचा ताफा, पात्यांना तेल लावून गंज काढणारे लोहारमामा, फुकट स्पीकर देणारे मंडपवाले (आवाज चिरकला, पण त्यांचा दोष नाही, वायर आमची), मुलींच्या कपड्यांकडं बघणाऱ्या काकू, मलमपट्टीची पेटी घेऊन बसलेले कंपाउंडरदादा, खुर्च्या परत मोजून देणारी सातवीची पोरं. कुणी राहिलं असेल तर समोर येऊन भांडावं.

राहिल्याच की. लिंबं देणाऱ्या कोपऱ्यावरच्या आजी. एकवीस दिली होती, एक उरलं. परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "वस्तादास्नी सरबत करून द्या. आणि त्या पोरीला माझ्याकडं धाडा एकदा."