फिल्टर कॉफी: थेंब का अडतो आणि डिकॉक्शन पातळ का होतं

३० ग्रॅम पूड, १५० मिली पाणी, हाती येतं सुमारे ९० मिली डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेला कॉफीचा दाट अर्क. उरलेलं ६० मिली पाणी पूड पिऊन टाकते. कॉफीची पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की फिल्टर कॉफीतली निम्मी गडबड टळते. घरी डिकॉक्शन पातळ होतं ते बहुतेक वेळा पूड कमी पडल्यामुळे. दोन चमचे पूड टाकून फिल्टरचं वरचं, तळाला भोकं असलेलं भांडं काठोकाठ पाण्यानं भरलं, तर कितीही महागाची पूड आणा, उतरेल ते तपकिरी पाणीच.

मी एका कपाला २५ मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध असं माप धरतो. म्हणजे वरच्या हिशोबात साडेतीन कप. घरात वजनकाटा नसेल तर मापाचा १५ मिलीचा मोठा चमचा सपाट भरून घ्या, त्यात अंदाजे ५ ग्रॅम पूड बसते. असे सहा चमचे. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त असलेली पूड थोडी जड भरते, पण एवढा फरक चालतो.

फिल्टरचा आकारही याच हिशोबानं घ्यायचा. वरच्या भांड्यात पूड निदान एक तृतीयांश उंचीपर्यंत यायला हवी. सहा-आठ कपांच्या मोठ्या फिल्टरमध्ये एकट्यापुरती दोन-तीन चमचे पूड पसरली तर थर इतका पातळ बसतो की पाणी त्यातून नुसतं धावत जातं, पुडीला भेटतच नाही. एकट्यादुकट्यानं राहणाऱ्यानं दोन कपांचा छोटा फिल्टर घ्यावा आणि पाहुण्यांसाठी दुसरा मोठा ठेवावा. एकाच फिल्टरमध्ये दोन्ही भागवायला गेलं की दोन्हीकडे तडजोड होते.

आता पूड. दुकानात पाट्यांवर जी नावं असतात ती कळली तर मागणी नीट करता येते. 'प्लँटेशन' म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली, आणि 'रोबस्टा पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा. पुढे लागणारं 'ए', 'एबी' हे दाण्याच्या आकाराचं. 'पीबेरी' ही वेगळी जात नाही. फळात नेहमी दोन चपटे दाणे असतात, कधी एकच वाढतो आणि वाटाण्यासारखा गोल होतो, ती पीबेरी. गोल दाणा भाजताना सगळीकडून सारखा भाजला जातो म्हणून तिला मान आहे. अरेबिका सुगंध आणि हलका आंबूसपणा देते. रोबस्टा दाटपणा, कडवटपणा आणि फेस देते, शिवाय तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. दुधाच्या कॉफीत नुसती अरेबिका कधी कधी दुधात हरवते. म्हणून माझी नेहमीची मागणी १०० ग्रॅमला अशी: ६० प्लँटेशन ए, २० रोबस्टा, २० चिकोरी.

चिकोरीबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. ती भेसळ नाही. गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकणाऱ्या एका झाडाचं ते मूळ. वाळवून, भाजून, दळून घेतात. त्यात कॅफिन नसतं. भाजताना तिच्यातली साखर करपते, त्यातून तो गडद रंग आणि किंचित गूळकट कडूपणा येतो. ती पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, त्यामुळे डिकॉक्शन दाट दिसतं. गोम इथेच आहे. ६०-४० ची (६० कॉफी, ४० चिकोरी) पूड घेतली की डिकॉक्शन डांबरासारखं काळं उतरतं, डोळ्यांना समाधान मिळतं, आणि घोट घेतल्यावर कॉफी सापडत नाही. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापावं लागतं. पाकीट उलटून ते वाचाच. समोरच्या बाजूला दऱ्याखोऱ्यांचं चित्र आणि मागे ५३-४७ असं पुष्कळदा असतं. २० टक्क्यांपर्यंत चिकोरी कॉफीला उचलून धरते, ३० ला बरोबरी करते, त्यापुढे तिचंच राज्य.

दळण बारीक रव्यासारखं हवं. चिमटीत चोळलं की कण जाणवले पाहिजेत. मैद्यासारखं बोटांना चिकटलं तर ते फिल्टरचं दळण नव्हे. माटुंग्यासारख्या ठिकाणी, जिथे दाणे समोर दळून देतात, तिथे 'फिल्टरसाठी' एवढं सांगितलं की पुरतं. घरी मिक्सरवर दळायचं तर एकदम फिरवत ठेवू नका. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे भांडं हलवा. सलग फिरवलं की पूड तापते, वास तिथेच उडून जातो, आणि काही कण भुकटी, काही कण भरड असा प्रकार होतो. भुकटी भोकं बुजवते, भरड कण पाणी सोडून देतात. एकदम किलोभर आणू नका. २०० ग्रॅम आणून दोन-तीन आठवड्यांत संपवलेली बरी. चिकोरी हवेतली ओल ओढते, त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे डबा नीट बंद नसला तर चार दिवसांत गुठळ्या होतात. ओला चमचा डब्यात घालायचा नाही हे तर आलंच.

आता मुख्य काम. वरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. नुकतंच धुतलेलं, भोकांत पाणी अडकलेलं भांडं घेतलं की पहिली पूड तिथेच लगदा होऊन बसते आणि थेंब अडतो. फडक्यानं पुसून मंद आचेवर पाच-सात सेकंद फिरवून घ्या. कोरडंही होतं आणि कोमटही. पूड टाका, भांडं बाजूनं हलकं थोपटून पातळी सारखी करा, मग फिल्टरबरोबर येणारी दांडीची चकती पुडीवर ठेवून दाबा.

किती दाबायचं, यावर सगळं अडलंय. निव्वळ कॉफी असेल तर बोटानं ठाम दाब द्यावा लागतो, नाहीतर पाणी सटकतं. चिकोरी असेल तर चकती नुसती टेकवायची, तिच्या वजनापेक्षा किंचित जास्त दाब पुरे. कारण चिकोरी पाणी प्यायली की फुगते आणि थर आपोआप आवळतो. वर आपण आधीच दाबून ठेवलेला असला तर पाण्याला वाटच उरत नाही. दाब सगळीकडे सारखाही हवा. संपल्यावर वरचं भांडं उघडून चोथा बघायची सवय लावून घ्या. चोथा सपाट, कडेला भांड्याला धरून बसलेला असेल तर काम नीट झालं. एका बाजूला खळगा किंवा कडेनं फट दिसली तर पाणी तिथूनच पळालं, बाकीची पूड नुसती भिजली.

चकती काढायची नाही, तशीच ठेवून तिच्यावर पाणी ओतायचं. म्हणजे धारेनं थर उकरला जात नाही. पाणी खळखळून उकळलेलं घ्या. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, आणि स्टीलच्या भांड्यात पडताच आणखी काही अंश उतरतं, त्यामुळे आच बंद करून पाणी निवायची वाट बघत बसायचं कारण नाही. आधी ३०-४० मिली पाणी गोल फिरवत ओता आणि अर्धा-एक मिनिट थांबा. ताजी भाजलेली पूड असेल तर चकतीच्या कडेनं बारीक बुडबुडे येतात, थर थोडा वर उचलला जातो. भाजताना दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडतोय. तो निघून गेला की पाणी कणांत नीट शिरतं. बुडबुडे अजिबात नाहीत म्हणजे पूड जुनी झाली. दुकानदारानं कितीही ताजी म्हणून दिली असली तरी. मग उरलेलं पाणी ओता आणि झाकण ठेवा.

बोअरचं जड पाणी वापरू नका. त्यातले क्षार कॉफीचा आंबूसपणा मारतात आणि चव सपाट होते. पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या.

पाच-सात मिनिटांनी कान दिला तर खालच्या भांड्यात टप टप ऐकू यायला हवं. सगळं उतरायला २० ते २५ मिनिटं. दहा मिनिटांच्या आत संपलं तर दळण भरड आहे, दाब कमी पडला किंवा पूड कमी आहे. पाऊण तास झाला तरी वर पाणी तसंच, तर अडलंय. अडलं की लोक पहिल्यांदा चमच्यानं ढवळतात. ते करू नका. ढवळल्यानं बारीक भुकटी खाली भोकांवर जाऊन बसते आणि उरलीसुरली वाटही बंद होते. आधी झाकण उघडून बघा. झाकण घट्ट बसणारं असेल तर पाणी उतरताना आत पोकळी तयार होते आणि ती पाण्याला धरून ठेवते; झाकण सैल केल्याबरोबर थेंब सुरू होतो. तेवढ्यानं नाही झालं तर वरचं भांडं किंचित उचलून तिरकं टेकवा. दोन्ही भांडी एकमेकांत फार घट्ट बसली असतील तर खालची हवा बाहेर पडू शकत नाही, आणि हवा गेल्याशिवाय डिकॉक्शन येणार कुठून? अडलेल्या फिल्टरपैकी बरेचसे या दोन उपायांनीच सुटतात. तरीही हललं नाही तर भोकं बुजली आहेत, त्याचं शेवटी सांगतो.

पहिलं डिकॉक्शन उतरल्यावर त्याच चोथ्यावर ६०-७० मिली पाणी घालून दुसरं काढतात. काढा, पण पहिल्यात मिसळू नका. गोडवा आणि सुगंध आधी उतरतो, कडूपणा मागून येतो. दुसऱ्या पाण्यात मुख्यतः तोच असतो. मिसळलं की चांगलं होतं तेही बिघडतं.

दूध. फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांशाचं किंवा म्हशीचं ताजं दूध. टोन्ड दुधात ३ टक्केच असतो आणि कॉफी पाणचट लागते, मग लोक डिकॉक्शन वाढवतात आणि ती कडू होते. दूध एकदाच उकळा आणि पहिला उतू जाण्याचा बेत दिसला की लगेच उतरवा. सकाळपासून तीनदा तापवलेल्या दुधाला शिजका वास लागतो आणि तो कॉफीत लपत नाही. कपात आधी साखर, तिच्यावर डिकॉक्शन, मग कडकडीत दूध, आणि दवरा-टंबलरमध्ये (पसरट वाटी आणि उभा पेला) दोन-तीनदा वरखाली. डिकॉक्शन दुधाबरोबर उकळायचं नाही, थेट आचेवर तापवायचंही नाही. वास वाफेबरोबर जातो आणि कडूपणा मागे राहतो. फ्रिजमधलं असेल तर वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. काचेच्या बाटलीत बंद ठेवलेलं डिकॉक्शन मी एक दिवस वापरतो, पुढे नाही. शिळं डिकॉक्शन आंबट होत जातं, आणि त्यात नासायला आलेलं दूध पडलं की कपातच फाटतं.

संध्याकाळची माझी कॉफी मात्र वेगळी, आपली जायफळाची. हिला फिल्टर नको आणि चिकोरीही नको. चिकोरीचा जळका कडूपणा जायफळाला दाबतो. दोन कपांसाठी ७० मिली पाण्यात दोन चमचे साखर घालून उकळा, आच बंद करा, निव्वळ कॉफीची पूड दोन छोटे चमचे भरून घाला आणि चार मिनिटं झाकून ठेवा. बारीक गाळणीनं किंवा फडक्यातून २०० मिली गरम दुधात गाळा. इन्स्टंट कॉफी वापरायची तर कपाला एक छोटा चमचा, आधी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून. उकळत्या दुधात कोरडी टाकली की बारीक गाठी तरंगत राहतात. जायफळ सगळ्यात शेवटी, भांडं उतरवल्यावर. त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, दुधाबरोबर उकळलं तर स्वयंपाकघरभर दरवळेल आणि कपात काही उरणार नाही. सहाणेवर किंवा बारीक किसणीवर कपाला तीन-चार वळसे पुरे. जास्त झालं तर जीभ बधिर करणारा कडूपणा येतो, आणि मोठ्या प्रमाणात जायफळ अंगालाही चांगलं नाही. तयार पूड घेऊ नका. अख्खं जायफळ घ्या: हाताला जड, किडीचं भोक नसलेलं. सुई टोचून बघा, टोकाला तेल दिसलं तर ताजं. काहीजण वेलचीही घालतात. मला ते पटत नाही. दोन वास एकमेकांना खातात आणि कॉफी तिसरीच लागते.

फिल्टर धुताना चोथा लगेच काढा, वाळून बसू देऊ नका. साबण अगदी थोडा. वास राहिला तर तो दुसऱ्या दिवशीच्या डिकॉक्शनमध्ये उतरतो. महिन्यातून एकदा वरचं भांडं उजेडाकडे धरून आरपार बघा. सगळी भोकं टिपक्यांसारखी चमकली पाहिजेत. जिथे अंधार दिसेल तिथे कॉफीचं तेल आणि भुकटी साठलीय. स्टीलचं भांडं असेल तर रिकामं, पालथं न घालता, तळ आचेवर अर्धा मिनिट धरा. आतलं जळून कोरडं होतं. मग थंड झाल्यावर सुईनं एकेक भोक बाहेरून आत मोकळं करा आणि ब्रशनं घासून घ्या. पितळेच्या फिल्टरला हा उपाय करू नका. त्याला आतून कल्हई असते, ती आचेवर वितळते, आणि कॉफी आम्लधर्मी असल्यामुळे कल्हई गेलेल्या पितळेत डिकॉक्शन काढणं योग्य नाही. पितळेची भोकं गरम पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी मऊ ब्रशनं साफ करायची.