आजीची शंभरी

दुपारचे जेवण आटोपून पडवीवर पेंगत असताना मडगावच्या चुलत भावाने मोबाइलवर एका जुन्या कागदाचे छायाचित्र पाठवले. तो आजीच्या जन्मनोंदीचा उतारा होता, पोर्तुगीज भाषेतला, वळणदार परंतु जवळजवळ न लागणाऱ्या अक्षरात लिहिलेला. 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे भावाने तो कागद कशासाठी मिळवला, हे विचारण्याची गरजच नव्हती. माझे लक्ष खिळले ते तारखेवर. त्या उताऱ्याप्रमाणे आजीचा जन्म डिसेंबर 1928 मधला होता, आणि आजी तर जन्मभर सांगत आली होती की ती ऐन पावसात, म्हार्दोळच्या देवळातली जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची, पूजा होऊन चार-सहा दिवस झाले असताना जन्मली.

काकांच्या मते यात काहीच नवल नाही. पणजोबा पाण्याने भरलेली शेते तुडवत फोंड्याला जाणारे गृहस्थ नव्हते. भाताची कापणी-मळणी उरकल्यावर सवडीने गेले असतील आणि उशीर झाल्याचे शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून मुलगी कालपरवाच झाली असे त्यांनी सांगितले असेल. हे अनुमान मला पटते. पण घोटाळा इथेच थांबत नाही, कारण आजीच्या मतदार ओळखपत्रावर 1 जानेवारी 1925 अशी तारीख छापलेली आहे आणि तिची पत्रिका वाळवीने फार पूर्वीच खाऊन टाकली. परिणामी एका कागदाप्रमाणे तिची शंभरी उलटून गेली, दुसऱ्याप्रमाणे ती अजून यायची आहे, आणि घरात सध्या यावर जितकी चर्चा होते तितकी ती हयात असताना तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवरही झाली नसेल.

आजीला स्वतःला वर्षांच्या आकड्यांत रस नव्हता. तिचा काळ घडलेल्या गोष्टींनी मोजला जाई, आणि तो मोजला जाण्याची वेळ म्हणजे मे महिन्यातली दुपार. त्या दिवसांत परसातली भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, पिकून लालभडक होत. आजी पडवीवर फतकल मारून बसे, एका बाजूला भिरंडांची पाटी, दुसऱ्या बाजूला रसासाठी मोठे पातेले, आणि समोर आम्ही नातवंडे. फळ चिरून बिया आणि गर पातेल्यात टाकायचा, साली सुपात पसरून अंगणात उन्हाला लावायच्या, रसात मीठ घालायचे आणि संध्याकाळी त्या साली पुन्हा त्याच रसात बुडवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा रस, असे साली काळ्याशार होईपर्यंत चालायचे, तेव्हा कुठे वर्षभराची सोलां, म्हणजे आमसुले, डब्यात पडत. उरलेल्या बियांचे भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, होई आणि पावसाळ्यात तिच्या फुटलेल्या टाचांना लागे. या कामात घाई चालत नसे. ढग दिसला की सुपे आत, ऊन आले की बाहेर, ही धावपळ आमच्याकडे असे, आणि कोपरापर्यंत लाल झालेले हात न थांबवता आजी बोलत राही.

बोलताना ती एखादी गोष्ट कधी घडली हे सांगू लागली की हमखास एखादा पूल मध्ये येई. पूल हा तिच्या पंचांगातला मुख्य ग्रह होता. 1961 मध्ये गोवा मुक्त करायला आलेली भारतीय फौज फोंड्यात शिरली तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा आणि बोरीचा पूल उडवून दिला. ‘‘पूल उडयलो तेन्ना तुजो बापूय पाळण्यांत आसलो,’’ एवढ्यावर माझ्या वडिलांचे वय निश्चित होई. मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, म्हणून मी ‘‘पणजेचो पूल मोडलो त्या वर्साचो’’. शाळेच्या अर्जावर माझी जन्मतारीख विचारली गेली तेव्हाही तिने समोरच्या बाईंना हेच उत्तर दिले होते, आणि बाई जाणत्या असल्याने त्यांना ते पुरले होते.

पुलांच्या आधीचा काळ पावसाने ओळखला जाई. राममनोहर लोहियांनी 18 जून 1946 रोजी मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. त्या सभेबद्दल तिला विचारले की ती फक्त रात्री उशिरा भिजून परतलेल्या दिराचे कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळवल्याचे सांगे आणि तेवढ्यावर थांबे. कपड्यांना धुराचा वास लागला म्हणून दीर रागावले होते, हे मात्र ती न चुकता सांगे. भारताने गोव्याची नाकेबंदी केली त्या वर्षांची तिची आठवण म्हणजे हॉलंडहून आलेले बटाटे. ते दिसायला देखणे असले तरी भाजीत मिळून येत नसत असे तिचे ठाम मत होते. हिशेब तिने आधी रुपये-तांग्यांत केला, मग एस्कुदांत, मग नव्या पैशांत, आणि प्रत्येक नाण्यात नारळ महागच झाले अशी तिची तक्रार होती.

16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आमच्या वाड्यावर बहुतेक सगळे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूचे होते. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळ्या गोव्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. आजोबा कडवे फूलवाले. मतदान करून परतल्यावर त्यांनी आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मत दिलें न्हय, आतां रांदूंक दी.’’ पुढे आजोबा वारले, विलीनीकरणाचा विषय संपला, 1987 मध्ये गोवा घटक राज्य झाले, तरी तिने शिक्का कशावर मारला ते कोणालाही कळले नाही. माझा स्वतःचा संशय दोन पानांवर आहे, पण त्याला आधार एवढाच की मोगऱ्याचे झाड ती फुलांपेक्षा पानांसाठी अधिक कुरवाळत असे, आणि हा आधार काकांसमोर मांडण्याची माझी छाती नाही.

पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, पाव तिने पन्नाशी उलटेपर्यंत तोंडात घातला नव्हता. मग दात गेले आणि एका सकाळी चहात बुडवलेला उंडा, म्हणजे गोल पाव, तिने निमूटपणे खाल्ला. त्यावर घरात कोणी काही बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून पोदेराकडून एक उंडा जास्त घेतला जाऊ लागला.

तिची धाकटी बहीण सावंतवाडीला दिली होती. 1955 मध्ये सीमा बंद झाली आणि दोघींचे येणे-जाणे खुंटले. तोवर चतुर्थीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा अशा त्या भेटत असत. बहीण बाळंतपणात गेली. बांद्याकडून आलेल्या कोणा ओळखीच्या माणसाने ही बातमी आणली तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. इतर प्रत्येक गोष्टीला पूल, पूर, लग्न किंवा मत अशी काहीतरी खूण लावणाऱ्या आजीने हे केव्हा घडले ते कधी सांगितले नाही, आणि आम्हीही इतरांच्या जन्मांवरून हिशेब करून ते साल कधी काढले नाही.

चुलत भावाचा अर्ज आता लिस्बनला जाईल. त्यात आजीच्या जन्माची डिसेंबरातली तारीख असेल आणि ती चालून जाईल. ती सीमा नेमकी कोणामुळे बंद झाली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या हट्टामुळे की दिल्लीच्या धोरणामुळे, यावर काका आणि वडील आजही तावातावाने भांडतात. आजीसमोर हा वाद निघाला की ती सुपातली सोलां उलटी करत एवढेच म्हणत असे, ‘‘वाट बंद आसली, आनीक कितें?’’