आवळलेल्या केबली आणि १९९ क्रमांकाचा हट्ट

जिन्याखालच्या कपाटातील सर्व्हरचे वायरिंग संपले, असे मी मागच्या नोंदीत मोठ्या दिमाखात लिहिले होते. तो दिमाख अकरा दिवस टिकला. एरवी साधारण पाच तासांत उरकणारा स्क्रब, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा वाचून तपासण्याचे काम, बाराव्या दिवशी चौदा तास उलटून गेले तरी अर्ध्यावरच रेंगाळलेला होता, आणि दुसऱ्या मिररमधील, म्हणजे एकच डेटा ठेवणाऱ्या दोन डिस्कच्या जोडीतील, तिसरी डिस्क झेडएफएस या फाइल प्रणालीने ‘फॉल्टेड’ (बिघडलेली) म्हणून बाजूला काढली होती. मिररचा सगळा भार आता चौथ्या डिस्कवर आला होता. वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींवरून मी उतरवून घेतलेले ध्वनिमुद्रण त्याच पूलमध्ये, म्हणजे चारही डिस्कच्या एकत्रित साठ्यात, आहे. त्याची एक प्रत निपाणीला बहिणीकडे ठेवलेल्या डिस्कवर आहे, म्हणून रात्री झोप लागली. नाहीतर ती लागण्याचे कारण नव्हते.

पहिला संशय अर्थातच डिस्कवर गेला. चारही डिस्क ४ टीबीच्या आणि वापरलेल्या आहेत, तेव्हा ‘स्वस्तात घेतले की असेच व्हायचे’ हे घरातून ऐकून घेण्याची तयारी मी ठेवलीच होती. परंतु स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते ती नोंद, काढली तेव्हा बदललेली सेक्टरे (तबकडीवरचे साठवणीचे कप्पे) शून्य आणि प्रलंबित सेक्टरे शून्य निघाली. फक्त १९९ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंटपुढे, २०८ हा आकडा होता. हा आकडा डिस्कच्या तबकड्यांविषयी काही सांगत नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडल्याची ती नोंद असते. डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत, म्हणजे फ्रेमसोबत, तपासणीचा आकडा जातो, तो जुळला नाही तर फ्रेम पुन्हा पाठवली जाते; त्यामुळे डेटा शाबूत राहतो, पण काम मंदावते. चुका फारच वाढल्या की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कंटाळून डिस्कशी असलेली लिंकच नव्याने जोडतो. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ ही ओळ ओवीसारखी पुन्हापुन्हा आलेली होती आणि शेवटी लिंकचा वेग ६ जीबीपीएसवरून ३ वर उतरवल्याची नोंदही होती.

एवढे वाचूनही मी केबलकडे वळलो नाही, कारण केबली मीच बसवल्या होत्या आणि त्या फार सुंदर दिसत होत्या. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. शेजारच्या घरात यंत्रमाग आहेत आणि ते सुरू झाले की आमचा दिवा किंचित लवतो. दोष तिकडेच असणार, असे मी मनाशी ठरवून टाकले. तीन दिवस वही ठेवून माग सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या वेळा टिपल्या, त्यांच्याशेजारी लॉगमधल्या चुकांच्या वेळा मांडल्या. दुसऱ्या रात्री दोन वाजता, सगळी गल्ली चिडीचूप असताना, तीन चुका झाल्या. तरी खात्री करायची म्हणून यूपीएसचा प्लग काढून सर्व्हर वीस मिनिटे केवळ बॅटरीवर चालवला. तेवढ्यातही एक चूक नोंदली गेलीच. शेजाऱ्यांवर मनातल्या मनात ठेवलेला आरोप मग निमूटपणे मागे घ्यावा लागला.

शेवटी जे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झाले असते ते चौथ्या दिवशी केले. सर्व्हर बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या डिस्कच्या डेटा केबलींची अदलाबदल केली. झेडएफएस डिस्कला तिच्यावरील खुणेने ओळखतो, पोर्टने नव्हे, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नसते. पूल क्लिअर करून पुन्हा स्क्रब लावला. तिसऱ्या डिस्कचा आकडा एव्हाना २१४ झाला होता, तो तिथेच थांबला. आणि आजवर शून्यावर असलेली पहिली डिस्क तासाभरात ३१ वर पोहोचली. चूक केबलीबरोबर चालत गेली होती. चार दिवसांच्या वैतागानंतर तो ३१ पाहून मला झालेला आनंद आमच्या घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही.

आता त्या केबलीविषयी. चार चपट्या लाल केबली मी एकत्र धरून नायलॉनच्या टायने दर दोन इंचांवर आवळल्या होत्या आणि मदरबोर्डच्या पत्र्याच्या कडेवरून काटकोनात मागे वळवल्या होत्या. सर्वांत बाहेरची केबल तिसऱ्या डिस्कची. टाय कापून ती उजेडात धरली तेव्हा वळणाच्या जागी तिचे आवरण पांढरट पडून नखाएवढी चुणी आलेली दिसली. साटाच्या, म्हणजे डिस्क जोडणाऱ्या या केबलीच्या, सात पिनांपैकी तीन अर्थच्या असतात आणि उरलेल्या चार दोन जोड्यांनी डेटा नेतात. जोडीतील दोन तारांमधले अंतर एकसारखे राहिले तरच ६ जीबीपीएसचा संकेत नीट पोहोचतो. मी ते अंतर टायने चिरडून टाकले होते. नीटनेटकेपणाच्या हौसेने केलेला हा बिघाड आहे, हे येथे स्पष्ट लिहिलेले बरे.

नव्या चार केबली गोल आवरणाच्या आणि खटका असलेल्या घेतल्या. खटका नसलेली साटा केबल यापुढे मी फुकट दिली तरी घेणार नाही. त्या वेगवेगळ्या सोडल्या आहेत, वळणे ऐसपैस ठेवली आहेत आणि केवळ एका ठिकाणी वेल्क्रोची सैल पट्टी आहे. दिसायला मागच्यापेक्षा गबाळ्या दिसतात. त्याच बैठकीत मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या वीज-जोडणीवरून साटाला वीज देणारा ओतीव प्लास्टिकचा ॲडाप्टरही काढून टाकला. त्या जातीचे ॲडाप्टर आतून शॉर्ट होऊन वितळू शकतात.

नेटवर्कची बाजू मात्र टिकून आहे. वरच्या खोलीचा वेग गेल्या महिन्यात १०० एमबीपीएसवर अडकला होता, तो आता पूर्ण गिगाबिट मिळतो. १०० ला तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि माझ्या एका कनेक्टरमध्ये तपकिरी तार खोबणीच्या टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. ऑनलाइन मागवलेले ‘कॅट ६’ या नेटवर्क केबलीचे बंडलही परत केले. पात्याने तार खरवडली तर आत रुपेरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि क्रिंपिंग करताना, म्हणजे कनेक्टर दाबून बसवताना, ती मोडतेही लवकर. खडेबाजारात चार पैसे जास्त मोजून तांब्याची घेतली. विक्रेत्याने न सांगताच टोक सोलून दाखवले.

पुढचा बेत पॅच पॅनेलखाली, म्हणजे नेटवर्क केबली येऊन मिळतात त्या पट्टीखाली, झाकणाचा प्लास्टिक डक्ट बसवण्याचा होता. तो मी कालपर्यंत धरून होतो. काल शेजारचे मामा काहीतरी विचारायला आले, कापलेल्या टायचा ढीग आणि चुणी पडलेली केबल त्यांनी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “एवढं आवळून बांधलास कशाला की रे? ताण्याचं सूतसुद्धा असं आवळलं तर तुटतंय. फणीतनं ओवल्यागत एकेक वेगळी जाऊ दे की.” ज्यांच्या मागांवर मी तीन दिवस पाळत ठेवली होती त्यांच्याकडूनच हे ऐकावे लागले. ते गेल्यावर मी डक्टचा विचार सोडला. मागाची फणी केबलींना फार बारीक पडेल, पण तीच रचना मोठ्या मापात करता येते: माझी कॅट ६ साधारण ६ मिलिमीटर जाडीची आहे, तेव्हा ७ मिलिमीटरच्या खाचा असलेल्या दोन पट्ट्या, एक पॅनेलजवळ आणि दुसरी स्विचजवळ. केबल खाचेत सरकवायची, बांधायचे काहीच नाही, आणि एखादी बदलायची झाली तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

बदलानंतरचा दुसरा स्क्रब आज पहाटे चार तास पन्नास मिनिटांत एकही चूक न होता संपला. २१४ आणि ३१ जागचे हललेले नाहीत. ते आकडे पुन्हा शून्यावर येत नसतात, म्हणून दोन्ही डिस्कवर तारखेसह चिकटपट्टी लावून ठेवली आहे. फणीसाठी प्लायच्या पट्टीला आठ खाचा पाडून झाल्या. नववी पाडताना कडच फुटली, तेव्हा उद्या उद्यमबागेत जाऊन ॲक्रिलिकची पट्टी कापून मिळते का ते पाहणार आहे.