गार्डला रंग का मारत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"का बे, एवढी महागाची गाडी आणि गार्डची ही दशा? रंग मारून घे की." माझ्या मोटरसायकलच्या ओरखडलेल्या गार्डबद्दल सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना, पेट्रोल पंपावर, मेहुण्याच्या लग्नातसुद्धा हे ऐकून झालंय. एकदाच नीट सांगतो.

हा कंजूसपणा नाही. टायर आणि ब्रेक पॅडच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतलेला नाही. आळसही नाही, कारण जिथे काम करायला हवं तिथे करतोच. इंजिनाखालची बॅश प्लेट अ‍ॅल्युमिनियमची आहे. तिच्यावर ओरखडा पडला की उघड्या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो, पुढे काही बिघडत नाही. हँडलवर हातांपुढे असतात ते हँडगार्ड प्लास्टिकचे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हानेच ते पांढुरके पडतात. वरून रंग मारला तर पापुद्रे निघतात. राहिला लोखंडी लेग गार्ड. त्याचं पावडर कोटिंग एकदा फुटलं की ओल आत शिरते आणि गंज कोटिंगच्या आडून पसरत जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत सावकाश, मालवणची खारी हवा लागली की भराभर. म्हणून लोखंड उघडं पडलं की पॉलिश पेपरने घासतो आणि रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा, हात देतो. काळा रंग मात्र मारत नाही. तुम्हाला खुपतात त्या याच तांबड्या पट्ट्या.

पूर्वी मी असा नव्हतो. नखाएवढा ओरखडा दिसला तरी स्प्रे कॅन घेऊन बसायचो. गाडी जपायची म्हणजे ती नवी दिसली पाहिजे, असं तेव्हा मनापासून वाटायचं. ते सगळंच खोटं होतं, असं आजही म्हणवत नाही.

मग तुळजापूरहून येताना पडलो. गळिताचा हंगाम, दिवेलागणीची वेळ. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे निघून गेलेला, तामलवाडीजवळ सर्व्हिस रोडवर चिखल आणि चेंगरलेली कांडी पडलेली. तिथे उतरताना पुढचं चाक सरकलं. गाडी डाव्या अंगावर आडवी होऊन घासत गेली. माझा पाय इंजिन आणि डांबराच्या मध्ये होता. गार्डने तेवढी फट राखली म्हणून तो वाचला. पण लेग गार्ड पुढे बसणाऱ्यासाठी असतो. बायको मागे होती. ती हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं. हात पोटाशी धरून ती रस्त्यावर बसली होती, तोंडातून आवाज निघत नव्हता, आणि मी अजून गाडीखालून पाय सोडवत होतो. तिच्यापर्यंत माझ्याआधी एक अनोळखी टेम्पोवाला पोहोचला. त्यानेच तिला पाणी पाजलं, त्यानेच आम्हाला सोलापुरात दवाखान्यात आणून सोडलं. हे कोणाला सांगताना मला अजून जड जातं.

गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा गार्ड काळाभोर, चकचकीत. मी सांगितलं नव्हतं, गॅरेजवाल्याने आपणहून रंगवला होता. हात फिरवला तर नळी एका जागी दबलेली लागली. रंगामुळे ती डोळ्यांना दिसतच नव्हती. गार्डवर बसलेला मार क्लॅम्पच्या बोल्टांतून फ्रेमपर्यंत जातो. नळी कुठे वाकली, वेल्डला तडा गेला का, हे आधी बघायचं असतं. तो रंग मी घासून काढला, बोल्ट बदलले, फ्रेम तपासून घेतली. तेव्हापासून गार्ड जसा आहे तसा मला दिसला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

बायकोला ते पटलेलं नाही. जिना उतरताना तिला रोज तेच ओरखडे दिसतात. "तुम्हाला त्यात तुमचा वाचलेला पाय दिसतो, मला माझा हात दिसतो," असं ती एकदा म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नाही. ती अजूनही माझ्या मागे बसते, त्यामुळे तिचा शब्द मला टाळताही येत नाही.

सध्या डावीकडच्या वेल्डजवळ एक बारीक रेघ दिसते आहे. वेल्डर म्हणतो ओरखडा आहे; माझी खात्री पटलेली नाही. पावसाआधी गार्ड उतरवून नीट तपासणार आहे. तडा निघाला तर नवाच बसवीन. नुसता ओरखडा निघाला, तर रंगाचं काय करायचं ते तिच्याशी बोलून ठरवावं लागेल.